आकाशाशी पडताळा : केरूनाना छत्रे

डिसेंबर उजाडला की लालबागच्या आमच्या चाळीची गच्ची पुन्हा राबती होते. पावसाळ्याचे चार महिने तिथे फक्त शेवाळ आणि गळक्या टाक्या. ऑक्टोबरात हवेत धुरकट उष्मा असतो. पण मार्गशीर्षाची थोडी थंडी पडली, वारा उत्तरेकडून वाहू लागला, की मुंबईचेही आकाश थोडेफार निवळते. माझे आजोबा गिरणीत रातपाळी करीत. पहाटे घरी परतताना पूर्वेला दिसणारी शुक्राची चांदणी हे त्यांचे घड्याळ होते. गिरणी बंद झाली, रातपाळी संपली, पण वर पाहण्याची सवय गेली नाही. ते मला गच्चीवर नेत, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले पंचांग काखेत घेत आणि आज गुरू कोणत्या नक्षत्रात आहे ते वाचून मग आकाशात शोधीत. पंचांगात जो लिहिला तो नेमका तिथेच सापडे. ते समाधानाने मान हलवीत आणि आम्ही खाली येत.

मला लहानपणी यात काही विशेष वाटत नसे. पंचांगात लिहिले आहे म्हणजे आकाशात ते असणारच, असा माझा समज होता. कॉलेजात आल्यावर कळले की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ही गोष्ट इतकी सरळ नव्हती. पंचांग एक सांगे आणि आकाश दुसरेच दाखवी. हे अंतर मिटविण्यासाठी ज्या माणसाने आपले अर्धे आयुष्य वेचले, तो या मुंबई बेटाच्या दक्षिण टोकावर, कुलाब्याच्या वेधशाळेत, वयाच्या सोळाव्या वर्षी नोकरीला लागला होता. त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणत. त्यांची ही थोडक्यात ओळख.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. नारळी-पोफळीच्या बागा, समोर समुद्र आणि रात्री डोक्यावर मोकळे आकाश, असे ते गाव. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पोरक्या झालेल्या या मुलाला आधार मिळाला तो मुंबईत असलेले चुलते सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या घरचा. बापू म्हणजे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही पुस्तके मराठीत आणणारे गृहस्थ. मराठी मुलांना वाचायला पुस्तकच नव्हते त्या काळात त्यांनी ही पुस्तके सिद्ध केली. नव्या विद्येची पहिली चाहूल ज्या थोड्या घरांत लागली त्यांपैकी हे एक घर होते. अनाथपणाच्या दुर्दैवातून निदान एवढे एक भाग्य केरूनानांच्या वाट्याला आले.

शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. तेथे गणित व सृष्टिशास्त्र शिकविणारे प्राध्यापक ऑर्लिबार आणि त्यांचे सहकारी बाळशास्त्री जांभेकर, असे दोन गुरू त्यांना लाभले. बाळशास्त्री म्हणजे ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे आद्य मराठी पत्रकार हे आपण सर्व जाणतो. पण ते गणिताचे व ज्योतिषाचेही गाढे अभ्यासक होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही काही काळ त्यांच्याकडे होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दादाभाई नौरोजी हेही याच संस्थेचे विद्यार्थी आणि त्यांचा जन्मही १८२५ चाच. एकाच पिढीतला एक विद्यार्थी देशाच्या संपत्तीचा हिशेब मांडायला निघाला आणि दुसरा आकाशातील ग्रहांचा.

१८४० च्या अखेरीस केरूनानांची नेमणूक कुलाबा वेधशाळेत ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून झाली. आजच्या वाचकाने त्या वेळची मुंबई क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. आगगाडी सुरू व्हायला अजून बारातेरा वर्षे होती. गॅसचे दिवे तर १८६५ पर्यंत रस्त्यावर आले नव्हते. गिरगाव म्हणजे वाड्या आणि माडांची दाटी. परळ आणि दादर म्हणजे शेते, मिठागरे आणि कोळ्यांची वस्ती. कुलाबा हे मुळात वेगळे बेट. भरतीच्या वेळी मधली वाट पाण्याखाली जाई. कुलाब्याला जोडणारा बांधरस्ता १८३८ साली पुरा झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी हा तरुण त्या वाटेने कामावर जाऊ लागला. सूर्य मावळला की सारे बेट काळोखात बुडे. आज आम्हाला लालबागच्या गच्चीवरून मोजके पन्नाससाठ तारे दिसतात. त्यांना कुलाब्याच्या टोकावरून दोन-अडीच हजार सहज दिसत असतील.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, ती काही कोणाच्या ज्ञानलालसेपोटी नव्हे. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना आपली घड्याळे अचूक लावून घ्यावी लागत. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे हे घड्याळावरून ठरते. घड्याळ चार मिनिटे चुकले तर जागा एक अंशाने चुकते, म्हणजे विषुववृत्ताजवळ शंभरावर किलोमीटरने. आणि त्या काळी अचूक वेळ सांगणारे घड्याळ एकच होते, ते म्हणजे आकाश. एखादा तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या डोक्यावरच्या रेषेवर, नेमका केव्हा येतो ते दुर्बिणीतून पाहायचे आणि त्यावरून घड्याळ सुधारायचे. त्या वेळच्या वेधशाळांतून हे काम डोळा आणि कान मिळून करीत. डोळा दुर्बिणीतील बारीक तारेवर, कान लंबकाच्या टोल्यावर. दोन टोल्यांच्या मध्ये ताऱ्याने तार कोठे ओलांडली त्याचा अंदाज घ्यायचा आणि लगेच टिपून ठेवायचे. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या व हवामानाच्या नोंदीही नियमित सुरू झाल्या. पुढे १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील उत्पातामुळे चुंबकीय वादळ उठले, त्याची कुलाब्यास झालेली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. ती केरूनाना तेथून गेल्यानंतरची. पण नोंदीची जी शिस्त तेथे रुजली, ती रुजविणाऱ्या हातांत त्यांचेही हात होते.

दहा वर्षे हे काम चालले. ही त्यांची खरी तपश्चर्या होती असे मला वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला ते केवळ कारकुनी वाटेल. आकडा पाहा, आकडा लिहा, उद्या पुन्हा पाहा. पण या कारकुनीतून मनाला एक वळण लागते. ग्रंथात काय म्हटले आहे, साहेब काय म्हणतो, शास्त्रीबुवा काय म्हणतात, या सर्वांच्या आधी प्रत्यक्ष काय दिसते ते विचारण्याचे वळण. याच दशकात मार्च १८४३ चा प्रचंड धूमकेतू आकाशात आला. याच दशकात, २३ सप्टेंबर १८४६ रोजी, नेपच्यून सापडला. तो कोठे असावा हे आधी कागदावर गणिताने ठरले आणि मग दुर्बीण त्या दिशेला वळविताच तो जवळजवळ तेथेच दिसला. गणित आणि आकाश यांचे इतके जुळणे साऱ्या जगाला थक्क करून गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बाळशास्त्री मात्र अकाली गेले होते.

आता जरा ग्रहांकडे वळू; कारण पुढची सारी कथा त्यांच्यावरच अवलंबून आहे. ग्रह ओळखणे अवघड नाही. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा स्थिर तेजाने तेवतो. सारे ग्रह सूर्यचंद्रांच्याच वाटेने, राशींच्या पट्ट्यातून चालतात. ध्रुवाजवळ किंवा अगस्त्याच्या बाजूला ग्रह शोधू नये. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र ४७ अंशांपलीकडे, म्हणून हे दोघे एक तर संध्याकाळी पश्चिमेस नाही तर पहाटे पूर्वेस. गुरूला राशिचक्र फिरायला सुमारे बारा वर्षे लागतात, म्हणजे साधारण वर्षाला एक रास. शनीला साडेएकोणतीस. मंगळ सव्वादोन वर्षांनी एकदा पृथ्वीजवळ येऊन लालबुंद दिसतो. एरवी त्याची आणि रोहिणीची गल्लत होते.

मुंबईकरांना हिवाळा का लाभतो, तेही सांगतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून त्याच्या बरोबर समोरचा राशिपट्टा मध्यरात्री उत्तरेकडे उंच चढतो. कृत्तिका, रोहिणी, पुनर्वसू ही नक्षत्रे आपल्या १९ अंश अक्षांशावरून जवळजवळ माथ्यावरून जातात. त्या दिवसांत सूर्यासमोर आलेला ग्रह चाळींच्या आणि टॉवरांच्या वर, थेट डोक्यावर उभा राहतो. जूनमध्ये समोर येणारा ग्रह दक्षिणेस खाली राहतो आणि त्यातून पावसाचे ढग. तेव्हा ग्रह पाहावे ते थंडीतच.

केरूनानांच्या काळी ग्रहाचे दिसणे-न दिसणे ही केवळ हौसेची बाब नव्हती. गुरूचा किंवा शुक्राचा अस्त असला, म्हणजे ते सूर्याच्या तेजात लोपलेले असले, की लग्न-मुंजी थांबत. तिथी, संकष्टीचा चंद्रोदय, ग्रहणाचे पर्व, अधिक मास, साऱ्यांचा निवाडा पंचांग करी. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पहिले छापील मराठी पंचांग काढले आणि हाताने लिहिलेली पंचांगे जाऊन घरोघर छापील पंचांगे आली. परंतु छपाई नवी असली तरी आतले गणित जुनेच होते. ते होते गणेश दैवज्ञांच्या 'ग्रहलाघवा'चे. हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. गणेश दैवज्ञ हे मुरूडजवळच्या नांदगावचे. म्हणजे केरूनानांच्याच किनाऱ्यावरचे. त्यांची योग्यता मोठी. स्वतः वेध घेऊन त्यांनी जुन्या ग्रंथांतील चुका सुधारल्या आणि गणित इतके सोपे केले की गावोगावचे जोशी ते करू शकले. पण कोणतेही घड्याळ रोज थोडेसे मागे-पुढे होत असेल तर तीनशे चाळीस वर्षांत ते किती चुकेल? ग्रहांचे तसेच झाले. तिथी काही घटकांनी चुके, ग्रहणाचा स्पर्शकाल चुके, ग्रहांच्या युती सांगितलेल्या दिवशी होत ना. गणेश दैवज्ञांनी स्वतः जे केले, तेच पुन्हा करण्याची वेळ आली होती. परंतु अनुयायांनी त्यांचा ग्रंथ घेतला, त्यांची वेध घेण्याची रीत घेतली नाही.

१८५१ साली केरूनाना मुंबई सोडून पुण्यास अध्यापनासाठी गेले. पुढील बहुतेक आयुष्य पुण्यात गेले. पूना कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, ते गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. मुंबई विद्यापीठच मुळी १८५७ साली निघाले. त्यामुळे या प्राध्यापकाच्या नावापुढे कसलीही पदवी नव्हती. पदवीधर मात्र त्यांच्या हाताखालून बाहेर पडले. शाळांसाठी त्यांनी अंकगणित आणि पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत पुस्तके लिहिली. इंग्रजीत सहज लिहू शकणाऱ्या माणसाने हे मराठीत केले, याची नोंद आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष घ्यावी.

त्यांचे मुख्य कार्य म्हणजे शके १७८२ मध्ये, १८६० साली, प्रसिद्ध झालेला 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ. पाश्चात्त्य ज्योतिषांनी दुर्बिणीच्या वेधांवरून जी नवी गणिते बसविली होती, ती आपल्या शकांना, आपल्या दिनमानाला व राशी-नक्षत्रांना जुळवून त्यांनी मराठी कोष्टकांत मांडली. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना आज यंत्रावर बोट ठेवताच उत्तर मिळविणाऱ्या आपल्याला येणार नाही. पानेच्या पाने आकडे. त्यांतला एक चुकला तरी त्यावर उभारलेली पुढची सर्व गणिते चुकणार. पण या कोष्टकांमुळे इंग्रजीचे अक्षरही न जाणणाऱ्या जोशाला एखाद्या रात्री गुरू कोठे असेल हे काढता येऊ लागले आणि बाहेर येऊन पाहिले तर तो तेथे दिसू लागला.

ग्रंथ लिहून केरूनाना थांबले नाहीत. शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, या नव्या गणितावरचे पंचांग त्यांनी सुरू केले. आबासाहेब पटवर्धन यांनी त्यास द्रव्यसाहाय्य केले, म्हणून ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. ग्रहणे मिळू लागली, युती मिळू लागल्या, उदयास्त मिळू लागले. एवढे झाल्यावर लोकांनी ते डोक्यावर घेतले असेल असे वाटेल. तसे झाले नाही.

याचे कारण थोडे गणिताचे आहे, पण समजून घेण्यासारखे आहे. वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, ताऱ्यांच्या मानाने वर्षाला सुमारे ५० विकला मागे सरकतो. आपले राशिचक्र ताऱ्यांना बांधलेले, म्हणून संपात राशिचक्राच्या आरंभापासून किती सरकला तो आकडा, म्हणजे अयनांश, पंचांगाला लागतो. ग्रहलाघवाप्रमाणे हा आकडा शके ४४४ मध्ये शून्य होता आणि वर्षाला एक कला वाढतो. तेव्हा शके १७८२ मध्ये १,३३८ कला, म्हणजे २२ अंशांवर थोडे. केरूनानांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. त्या ताऱ्यापाशी संपात होता ते वर्ष शके ४९६. तेथून १,२८६ वर्षे, दर वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे अयनांश जवळजवळ १८ अंश. दोहोंत चार अंशांवर फरक पडला आणि सूर्य दिवसाला सुमारे एक अंश चालतो. साहजिकच पटवर्धनी पंचांगात मकरसंक्रांत चारेक दिवस आधी आली. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास. संक्रांत सरकली की काही वर्षी अधिक मासही बदलतो. अधिक मास बदलला की दसरा-दिवाळी महिन्याच्या फरकाने येते.

येथेच घोडे अडले. ग्रह आकाशात मिळतात याचे लोकांना कौतुक होते. पण शेजारी तिळगूळ वाटतो त्या दिवशी आपण वाटायचा नाही, हे कोणाला मानवणार? सण हा एकट्याने करावयाचा नसतो. दुसऱ्या बाजूनेही टीका झाली. विसाजी रघुनाथ लेले यांच्यासारख्या व्यासंगी माणसाचे म्हणणे असे की, सुधारणाच करायची तर पुरती करा. ऋतूंशी जुळणारे सायन पंचांगच खरे. वर्तमानपत्रांतून वाद झडले. जुन्या लोकांना केरूनाना फार पुढे गेलेले वाटत आणि नव्यांतील काहींना अर्ध्यावर थांबलेले. या दोन्हींच्या मध्ये ते पंचांग दरसाल निघत राहिले, मोजक्या घरांत पोचत राहिले.

या बाबतीत त्यांचे काही चुकले का? राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून धरावा हे आकाश सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. येथे मतभेदाला जागा होती आणि आजही आहे. पण ग्रह कोठे आहे, ग्रहण केव्हा लागणार, या प्रश्नांचे उत्तर आकाशालाच विचारावे लागते. या दोन प्रश्नांची लोकांनी गल्लत केली आणि पहिल्यावरच्या नाराजीमुळे दुसऱ्यावरचे खरे उत्तरही बरीच वर्षे दूर ठेवले. माझ्या मते ही केरूनानांच्या आयुष्यातील मोठी खंत असली पाहिजे.

१८७७ साली सरकारने त्यांना रावबहादूर केले. १९ मार्च १८८४ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ते निवर्तले. त्याच सुमारास, शके १८०६ पासून, लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपले सायन पंचांग सुरू केले. याच दीक्षितांनी पुढे 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा महान ग्रंथ लिहिला आणि मतभेद असूनही त्यात केरूनानांच्या कार्याची आदराने नोंद घेतली. अशा वाद घालणाऱ्यांचा हेवा वाटतो.

डेक्कन कॉलेजात केरूनानांकडे गणित शिकलेला एक विद्यार्थी पुढे लोकमान्य झाला. टिळकांना राजकारणाच्या धकाधकीत ज्योतिषाचा विसर पडला नाही. १९०४ साली मुंबईत पंचांगशोधनासाठी परिषद भरली, पुढे पुण्यात व १९२० साली सांगलीस; आणि गुरूने धरलेला रेवतीचा आरंभ व वेधाशी जुळणारे गणित शिष्याने उचलून धरले. तेच आजचे टिळक पंचांग. ते पाळणाऱ्या घरांत संक्रांत आजही चारेक दिवस आधी येते. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा ताऱ्यावरून ठरणारे अयनांश स्वीकारले, आणि बहुतेक पंचांगे आज त्याच मार्गाने चालतात. आरंभाचा तारा कोणताही असो, महाराष्ट्रातील प्रमुख पंचांगांतून ग्रहांचे गणित आता वेधाशी जुळणारेच असते. या बाबतीत केरूनाना हरूनही जिंकले.

आणखी एक योगायोग. मुंबईत विजेच्या ट्रॅम धावू लागणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी कुलाब्याचे चुंबकीय वेध दुसरीकडे न्यावे लागले. ते नेले अलिबागला, नागावपासून थोड्याच अंतरावर. नागावचा मुलगा कुलाब्यास आला होता. साठ वर्षांनी कुलाब्याचे काम नागावच्या शेजारी गेले.

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांच्या इतके जवळ आले की साध्या डोळ्यांना ते जवळजवळ एकच वाटत होते. त्या दिवशी आजोबा आणि मी गच्चीवर होतो. पश्चिमेस दोन टॉवरांच्या फटीत ते सापडले. आजोबांनी पंचांग उघडले, तारीख पाहिली, पुन्हा आकाश पाहिले आणि नेहमीप्रमाणे मान हलविली. त्या मान हलविण्यामागे किती माणसांची किती रात्रींची जागरणे आहेत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. आज आजोबा नाहीत. पंचांग मात्र त्याच खिळ्याला आहे.

मित्रहो, या थंडीत एकदा गच्चीवर जा. गिरगाव चौपाटीवर जा, दादरच्या समुद्रावर जा. जमले तर वरळीच्या नेहरू तारांगणातही डोकवा. पंचांगात किंवा वर्तमानपत्रात वाचा, ग्रह कोठे आहे ते ठरवा आणि मग वर पाहा. तो तेथे आहे की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून घ्या. केरूनानांचे स्मारक मुंबईत कोठे आहे असे कोणी विचारलेच, तर माझ्या मते ते या पडताळ्यात आहे.